गुडघा, खुबा, खांदा आणि कोपर कसं तपासायचं: सोलापुरात नवीन लागलेल्या फिजिओ आणि इंटर्न मंडळींसाठी

फिजिओच्या इंटर्नशिपला किंवा ऑर्थोच्या (हाडांच्या विभागातल्या) पोस्टिंगला नुकत्याच लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. तुमची थिअरी पक्की असते, टेस्टची नावं तर तोंडपाठ असतात, लॅचमन, मॅकमरे, थॉमस, हॉकिन्स सगळं धडाधडा सांगता, पण पेशंट टेबलावर बसून "डॉक्टर, गुडघा लई दुखतोय ओ" म्हणाला की पहिलं काय करायचं तेच सुचत नाही आणि मग थेट गुडघा धरून ओढाओढी चालू होते. पेशंट कळवळतो, मांडी आखडून धरतो, आणि एकदा स्नायू आखडले की पुढं केलेल्या कुठल्याच टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून स्पेशल टेस्ट सगळ्यात शेवटी. आधी ऐकायचं, मग बघायचं, मग हात लावायचा, मग पेशंटला स्वतःहून हलवायला सांगायचं, मग आपण हलवून बघायचं, मग ताकद बघायची आणि एवढं सगळं करून मनात जो संशय आला असेल तो पक्का करायला एखाद-दुसरी टेस्ट. चारही सांध्यांना हीच ओळ. आणि दोन गोष्टी कधीच सोडायच्या नाहीत: चांगली बाजू आधी तपासायची, आणि दुखणाऱ्या सांध्याच्या वरचा आणि खालचा सांधा बघितल्याशिवाय पेशंटला उठवायचं नाही. गुडघ्यासाठी आलेल्याचा खुबा आणि कंबर, खांद्यासाठी आलेल्याची मान. वेळ नसला तरी हे करायचंच.

सुरुवात करायच्या आधी

सामान फार लागत नाही. मोजायची टेप, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी), रिफ्लेक्सचा हातोडा, एक उशी आणि पडदा. पडदा मुद्दाम लिहिलाय. गुडघा साडीवरून किंवा पॅन्टवरून तपासता येत नाही, खांदा तर शर्ट काढल्याशिवाय कळतच नाही, पण आपल्याकडच्या बायका, त्यातही वयस्कर, एकदम संकोचतात, त्यामुळे काय करणार आहे ते आधी सांगा, विचारा, सोबत आलेल्या सुनेला किंवा सिस्टरला आत उभं करा, चादर द्या आणि लागेल तेवढाच भाग उघडा. "मावशी, गुडघ्याच्या वरपर्यंत बघावं लागंल, चालंल का?" एवढं विचारायला पाच सेकंद लागतात आणि त्यानंतर पेशंट पाय सैल सोडतो.

भाषेचं पण बघा. सोलापूरच्या ओपीडीत मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड रोज कानावर पडतं, साखर पेठ-अशोक चौकाकडच्या बऱ्याच आज्या तेलुगूतच दुखणं सांगतात, अक्कलकोटकडून आलेला माणूस कन्नडवर येतो. "एक्कडा नोप्पी?" आणि "एल्ली नोवु?" म्हणजे कुठं दुखतंय, एवढं तरी शिकून घ्या, आणि नाही जमलं तर "एका बोटानं दाखवा" असं खुणेनं सांगा. ही बोटाची खूण फार कामाची आहे. एका बोटानं एकच जागा दाखवली तर दुखणं बहुतेक तिथलंच असतं, सगळा तळवा फिरवून "हिथून हितपर्यंत" दाखवलं तर दुखणं खोल सांध्यातलं किंवा मणक्याकडून आलेलं असायची शक्यता वाढते.

ऐकणं

पहिलं विचारायचं ते काम. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारा माणूस आठ-आठ, बारा-बारा तास उभा असतो, मागामागांतनं फिरतो, कांडी बदलायला आणि तुटलेला धागा जोडायला सतत पुढं वाकतो, हात खांद्याच्या उंचीला ठेवून काम करतो. कुंभारीच्या विडी घरकुलातनं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतनं, आलेली मावशी मांडी घालून किंवा एक पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसते, मान खाली, कात्रीनं पानं कापायची आणि बोटांनी वळायचं. मंगळवेढ्याकडची बाई ज्वारीच्या काढणीत दिवसभर उकिडवी. आषाढीनंतर वारी चालून आलेली मंडळी येतात. तक्रार सगळ्यांची "गुडघा दुखतोय" हीच, पण भार कुठं पडतो ते प्रत्येकाचं वेगळं. नुसतं "काम काय करता?" विचारून थांबू नका, "कसं बसता, करून दाखवा" म्हणा. जमिनीवर बसताना आणि उठताना पेशंट कुठं हात टेकवतो, कुठला पाय बाहेर टाकतो, हे बघितलं की अर्धी तपासणी तिथंच होते.

मग कधीपासून, अचानक का हळूहळू, लागलं होतं का, सूज आली होती का, आणि आली असेल तर किती वेळात. सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं असतं तेही विचारा. अर्ध्या तासाच्या आत मोकळं होत असेल तर झीज, तासभर किंवा जास्त आखडून राहत असेल आणि दोन्ही हातांची बोटं पण सुजत असतील तर आमवाताचा विचार करून रक्त तपासायला पाठवायचं. रात्री झोपेतनं उठवणारं दुखणं, शुगर, आधीचं ऑपरेशन, स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, दारू, तंबाखू, सगळं विचारायचं. "ताकदीच्या पुड्या" घेता का हे पण वेगळं विचारा, कारण पेशंट त्याला औषध समजत नाही आणि अशा बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड असू शकतं.

आणि काही गोष्टी ऐकल्या की तपासणी तिथंच थांबवून सिनियरला हाक मारायची. सांधा लालभडक, गरम, सुजलेला आणि अंगात ताप: सांध्यात पू झाला असू शकतो, त्याला शेक नाही, व्यायाम नाही, त्याच दिवशी ऑर्थोकडं. वजन उतरतंय, रात्री ठणका लागतो, पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय. टीबीचा इतिहास आणि एकाच सांध्याचं बरेच दिवसांचं दुखणं. पडल्यावर पायावर भारच देता येत नाही. एकच पोटरी सुजून घट्ट झालीय. डावा खांदा दुखतोय, घाम फुटलाय, दम लागतोय आणि खांदा हलवला तर दुखणं कमी-जास्त होत नाही, मग हा खांद्याचा पेशंट नाही, ईसीजी काढायला पळवा.

गुडघा

आपल्याकडं सगळ्यात जास्त येणारा हाच, म्हणून यावर जास्त लिहितो.

पेशंट आत येतानाच बघायला सुरुवात करा. लंगडतो का, गुडघा पूर्ण सरळ होतो का, पाऊल टाकताना गुडघा बाहेरच्या बाजूला झुकतो का. उभं करून समोरून बघा, गुडघे बाहेर वाकलेत का एकमेकांना चिकटलेत, बाजूनं बघा, पूर्ण ताठ होतात का, पाठीमागून बघा, खळगीत फुगवटा आहे का. मग झोपवून दोन्ही मांड्या शेजारीशेजारी. वाटीच्या वरच्या कडेपासून १० किंवा १५ सेंटीमीटरवर खूण करून टेपनं दोन्हीकडचा घेर मोजा आणि कुठं मोजला ते लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा इंटर्न वेगळ्याच जागी मोजणार. गुडघा दुखायला लागला की मांडीचा पुढचा स्नायू लवकर बारीक होतो, त्यातही वाटीच्या वर आतल्या बाजूचा फुगीर भाग आधी सपाट दिसायला लागतो.

आता हात. आधी हाताच्या मागच्या बाजूनं गरमपणा बघायचा, दोन्ही गुडघ्यांवर आलटून पालटून. मग पाणी आहे का. लोक "गुडघ्यात पाणी झालंय" म्हणतात, ते खरंच आहे का हे बघायची पद्धत अशी. पेशंटचा पाय सरळ आणि एकदम सैल. तुमच्या डाव्या हाताचा अंगठा आणि बोटं मांडीवर पसरून वाटीच्या दिशेनं खाली सरकवत आणायची आणि वाटीच्या जरा वर दाबून धरायची, म्हणजे वरच्या पिशवीतलं पाणी खाली वाटीमागं ढकललं जातं. आता उजव्या हाताच्या बोटांनी वाटी सरळ खाली झटकन दाबायची. पाणी असेल तर वाटी आधी थोडी बुडते, मग मांडीच्या हाडावर टक्‌ करून आपटते आणि सोडल्यावर वर येते. हे पाणी बऱ्यापैकी असेल तरच जमतं. अगदी कमी असेल तर वाटीच्या आतल्या बाजूची खळगी तळहातानं खालून वर पुसून रिकामी करायची, मग बाहेरच्या बाजूनं तसंच वरून खाली पुसायचं आणि नजर आतल्या खळगीवर ठेवायची, तिथं हळूच लाटेसारखं भरून आलं तर पाणी आहे. उजेड तिरपा असेल तर नीट दिसतं. आणि गुडघा गच्च भरलेला असेल तर ही दुसरी पद्धत फसते, कारण पाणी सरकायला जागाच नसते.

मग गुडघा ९० अंशात वाकवून सांध्याची रेघ शोधा. वाटीच्या खालच्या दोरीच्या (टेंडनच्या) दोन्ही बाजूंना अंगठा रुतेल अशी खळगी लागते, तिथून मागं मागं दाबत जायचं. दाबताना पेशंटच्या चेहऱ्याकडं बघायचं, गुडघ्याकडं बघून काही कळत नाही. रेघेवर नेमकं दुखलं तर गादी (सांध्यातली कूर्चेची चकती, मेनिस्कस) किंवा झीज, रेघेच्या खाली आतल्या बाजूला दोन-तीन बोटांवर दुखलं तर तिथं तीन स्नायूंच्या दोऱ्या चिकटतात तिथली सूज, आणि हे वजन जास्त असलेल्या बायकांत भरपूर दिसतं आणि भरपूर वेळा "गॅप आलाय" म्हणून सोडून दिलं जातं.

हालचाल: पूर्ण सरळ म्हणजे ० आणि वाकवून साधारण १३५ ते १४० अंश. मांडी घालायला, उकिडवं बसायला आपल्या लोकांना जवळजवळ सगळंच वाकणं लागतं, त्यामुळे १२० अंश येतात म्हणून "नॉर्मल" लिहू नका, पेशंटला संडासला बसता येतं का ते विचारा. पाय सरळ ठेवून टेबलावरून उचलायला सांगा. उचलताना गुडघा थोडा वाकतच राहिला पण तुम्ही हातानं केला तर सरळ होतो, म्हणजे पुढच्या स्नायूत ताकद नाही. तुम्ही केला तरी होत नाही, म्हणजे सांधा अडकलाय किंवा आखडलाय. आणि पडल्यानंतर पाय उचलताच येत नाही, वाटीच्या वर किंवा खाली बोट आत जाईल असा खड्डा लागतोय, तर दोरी तुटलीय, लगेच ऑर्थो.

आता टेस्ट. कबड्डी, क्रिकेट खेळताना पाय रुतून शरीर फिरलं, कट्ट आवाज आला आणि दोन तासांत गुडघा फुगला, तर रक्त साठलंय असं धरायचं आणि एसीएल (गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, हाडाला हाड बांधणारा पट्टा) आधी बघायचा. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी आली, जिना उतरताना अडकतो म्हणतो, तर गादीकडं लक्ष. एसीएलसाठी लॅचमन सगळ्यात भरवशाची: गुडघा २० ते ३० अंश वाकलेला, एका हातानं मांडी घट्ट धरायची, दुसऱ्यानं नडगी पुढं ओढायची, आणि किती सरकली यापेक्षा शेवटी खटकन थांबते का मऊ मऊ सरकत राहते ते हाताला जाणवलं पाहिजे. ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी पेशंटच्या मांडीखाली स्वतःचा गुडघा टेकू म्हणून ठेवा, मांडी आपोआप स्थिर राहते. ९० अंशातला पुढं ओढायची ड्रॉवर टेस्ट करायच्या आधी बाजूनं बघा, नडगी आधीच मागं पडलेली असेल तर पीसीएल (आतलं मागचं लिगामेंट) गेलाय, आणि ती मागून जागेवर आली तरी तुम्हाला वाटेल एसीएल सैल आहे. बाजूचे लिगामेंट ० आणि ३० अंश दोन्हीत बघायचे. ३० मध्येच सैल असेल तर एकटं बाजूचं लिगामेंट, पूर्ण सरळ असतानाही उघडत असेल तर इजा मोठी आहे. गादीसाठी मॅकमरे करताना ताज्या सुजलेल्या गुडघ्याला मुरगळू नका, त्यातनं दुखण्याशिवाय काही मिळत नाही, सूज उतरू दे.

लागलेल्या गुडघ्याचा एक्सरे कधी काढायचा याला ओटावा नियम आहे तो पाठ करा: वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणं, बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणं, ९० अंश वाकत नाही, किंवा लागल्यावर लगेच आणि आत्ता तपासताना चार पावलं टाकता येत नाहीत. यातलं एक जरी असेल तर एक्सरे.

खुबा

खुब्याचं दुखणं लोक कुठं दाखवतात ते बघा. "खुबा दुखतोय" म्हणून कुल्ल्यावर हात ठेवला तर ते बहुतेक वेळा कंबरेकडून येतं. बाहेरच्या उंचवट्यावर, ज्या कुशीवर झोपलं की दुखतं तिथं हात ठेवला तर कुल्ल्याच्या स्नायूंच्या दोऱ्या. आणि जांघेत, किंवा अंगठा मागं आणि बोटं पुढं अशी खुब्याला पकड करून दाखवली, तर खरा खुब्याचा सांधा. चौथी जागा गुडघा. सांधा बिघडलाय खुब्याचा आणि पेशंट दुखणं सांगतो मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत, कारण दोन्हीकडच्या नसा एकच. म्हणून वर म्हणालो की गुडघ्याच्या प्रत्येक पेशंटचा खुबा फिरवून बघा. एखादी आजी महिनोन्‌महिने गुडघ्याला शेक घेत असते, गुडघ्यात ना पाणी ना रेघेवर दुखणं, आणि पाय ९० अंशात धरून पाऊल बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे खुबा आत फिरवला, की जागीच ओरडते. खुब्याच्या झिजेत आत फिरणं सगळ्यात आधी कमी होतं. ही एक हालचाल बघायला अर्धं मिनिट लागतं.

लहान मुलांत तर हे आणखी महत्त्वाचं. साधारण ४ ते ८ वर्षांचं पोरगं न दुखता लंगडतं किंवा १२-१३ वर्षांचा वजनदार मुलगा गुडघा दुखतो म्हणून येतो, गुडघा तपासला तर एकदम चांगला, अशा वेळी खुब्याचा एक्सरे झालाच पाहिजे, समोरून आणि बेडकासारखे पाय करून दोन्ही. या वयात खुब्याच्या डोक्याचा रक्तपुरवठा बिघडणं किंवा डोकं घसरणं हे दोन्ही आजार गुडघ्याच्या तक्रारीनं येतात आणि उशीर झाला तर पोराचा पाय आयुष्यभर लंगडा राहतो.

तरुण माणूस, जांघेत दुखणं, मांडी घालून बसता येत नाही, आणि मागं दारू किंवा स्टिरॉइडचा इतिहास, तर खुब्याच्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद झाल्याचा संशय घ्या. सुरुवातीला साधा एक्सरे चांगला दिसू शकतो, एमआरआयमध्ये सापडतं, म्हणून "एक्सरे नॉर्मल आहे, काही नाही" असं सांगून घरी पाठवू नका.

करायचं काय: चालवून बघा. मग ट्रेंडेलेनबर्ग: भिंतीजवळ पण भिंतीला न टेकता, दुखऱ्या पायावर उभं राहायला सांगा, दुसरा पाय मागं वाकवून उचलायचा, तुम्ही मागं बसून कंबरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे ठेवा. उचललेल्या बाजूची कंबर खाली पडली तर उभ्या पायाचे कुल्ल्याचे स्नायू कमजोर. ३० सेकंद धरायला लावा, कारण पहिल्या पाच सेकंदांत बरेच जण ओढून धरतात. मग झोपवून थॉमस, म्हणजे खुबा वाकलेल्या स्थितीत आखडलाय का ते. कंबरेखाली तुमचा तळवा घाला, चांगला पाय पोटाकडं इतका वाकवा की कंबर तुमच्या हातावर दाबली जाईल, आता दुखऱ्या बाजूची मांडी टेबलावरून वर आली तर तेवढे अंश खुबा आखडलेला. कंबरेखाली हात घातला नाही तर ही टेस्ट खोटी येते, कंबर कमानीसारखी उचलून पेशंट सगळं लपवून टाकतो.

पायाची लांबी मोजताना कंबर सरळ करून, दोन्ही पाय सारख्या स्थितीत ठेवून, कंबरेच्या पुढच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप. एकदा मोजून भागत नाही, दोन-तीनदा मोजा.

वयस्कर बाई बाथरूममध्ये घसरून पडली, पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर लोळलंय, तर खुब्याजवळ फ्रॅक्चर आहे असं समजूनच वागायचं. उठवून चालवून बघायचं नाही, फिरवून बघायचं नाही.

खांदा

खांद्याच्या पेशंटला शर्ट काढून पाठमोरं उभं करा. दोन्ही फऱ्याची हाडं सारखी आहेत का, त्यावरचा स्नायू बारीक झालाय का, खांद्याची गोलाई आहे का. गोलाई जाऊन खांदा चौकोनी दिसतोय आणि पेशंट हात धरून बसलाय तर सांधा निखळलाय, तिथं काही हलवायचं नाही, फक्त खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथं पोलिसांच्या बाहीवर फीत असते तिथं, स्पर्श कळतो का आणि मनगटाची नाडी लागते का बघून एक्सरेला.

मग मान. मान पुढं, मागं, दोन्हीकडं वळवायला सांगा. मान मागं आणि दुखऱ्या बाजूला कलवली की खांद्यातनं हातात कळ जाते, बोटांना मुंग्या येतात, तर गडबड मानेत आहे. विडी वळणाऱ्या आणि शिलाई करणाऱ्या बायकांत मान आणि खांदा दोन्ही एकत्र निघतात, त्यामुळे एक सापडलं म्हणून दुसरं सोडू नका.

खांद्याचं सगळं गणित एका प्रश्नावर उभं आहे: हात वर जात नाही, तो पेशंटला उचलता येत नाही म्हणून का सांधाच अडकलाय म्हणून? आधी स्वतः उचलायला सांगा, पुढून आणि बाजूनं, पूर्ण म्हणजे १८० अंश. मग तुम्ही हलकेच उचलून बघा. तुम्ही उचलला तर सगळा जातो, पण त्याला स्वतःला जमत नाही, हळूहळू खाली आणताना मधेच हात धपकन पडतो, तर रोटेटर कफची (खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या दोऱ्यांच्या गटातली) दोरी तुटलेली असू शकते. तुम्ही केलं तरी तिथंच अडतो, तर आखडलेला खांदा. हे सगळ्यात चांगलं कळतं ते बाहेर फिरवण्यात: कोपर ९० अंशात वाकवून बरगडीला चिकटवून ठेवायचं, चिकटलेलं सुटू नये म्हणून कोपर आणि अंगाच्या मध्ये टॉवेलची घडी द्या, आणि हात बाहेर उघडायचा. चांगल्या बाजूला साधारण ६० ते ८० जातो आणि दुखऱ्या बाजूला २० वर थांबतो, मग तुमचं निदान जवळपास झालं. एक्सरे मात्र काढायचा, कारण सांध्याची झीज पण असंच अडवते. आणि शॉक लागल्यावर किंवा फिट येऊन गेल्यावर हात बाहेर फिरत नसेल तर खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो, समोरून काढलेल्या एक्सरेत तो चटकन दिसत नाही, बगलेकडून घेतलेला एक्सरे मागा.

आखडलेल्या खांद्याच्या प्रत्येक पेशंटची शुगर बघा. डायबेटिस असणाऱ्यांत हे जास्त होतं, आणि खांद्यासाठी म्हणून आलेल्या माणसाची शुगर पहिल्यांदाच इथंच सापडते असंही होतं. आणि त्याला खरं सांगा की हे बरं होतं, पण वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, नाहीतर पंधरा दिवसांत डॉक्टर बदलून तो कुणाकडून तरी हात जोरात ओढून घेऊन येतो.

बाजूनं हात उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्येच दुखतं आणि त्याच्या वर गेलं की कमी होतं, तर कफच्या दोऱ्यांचा त्रास. एकदम वर, शेवटच्या टोकाला दुखतं आणि दुखऱ्या बाजूचा हात समोरून दुसऱ्या खांद्यावर नेल्यावर वरच्या हाडाच्या जोडावर कळ येते, तर तो कॉलरबोनच्या टोकाचा छोटा सांधा. मागं आत फिरणं मोजायला गोनिओमीटर लागत नाही, पाठीमागं हात नेऊन अंगठा कुठल्या मणक्यापर्यंत पोचतो ते लिहायचं. बायकांना विचारायचं, पाठीमागची हुकं लावता येतात का, वेणी घालता येते का. पुरुषांना, मागच्या खिशातलं पाकीट काढता येतं का.

नीर, हॉकिन्स, एम्प्टी कॅन, लिफ्ट-ऑफ या कफच्या टेस्ट करा, पण एकट्या एका टेस्टवर निदान लिहू नका. नीर आणि हॉकिन्स तर खांद्यात काहीही दुखत असलं तरी दुखतात. दोन-तीन गोष्टी एका दिशेला बोट दाखवतायत का ते बघायचं. आणि ताकद तपासताना दुखतंय म्हणून हात सोडला का खरंच जोर नाही, हे वेगळं करून लिहा.

कोपर

कोपर सोपं वाटतं आणि म्हणून घाईत बघितलं जातं. हात सरळ, तळवे पुढं करून उभं करा, दोन्ही कोपरांचा बाहेरचा कोन सारखा आहे का बघा. लहानपणी पडून कोपराचं हाड मोडलेलं आणि नीट न बसवलेलं असेल तर हा कोन उलटा झालेला दिसतो. मग मागून तीन हाडांची टोकं चाचपा, दोन बाजूंची दोन आणि मधलं टोक. हात सरळ असताना तिन्ही एका रेघेत, ९० अंश वाकवल्यावर त्रिकोण. त्रिकोण बिघडला असेल तर सांधा निखळलाय किंवा टोक मोडलंय, त्रिकोण शाबूत आहे पण वर सूज आणि दुखणं, तर कोपराच्या वरचं फ्रॅक्चर, जे पडलेल्या लहान पोरांत होतं. लागलेल्या माणसाला कोपर पूर्ण सरळ करता येत असेल तर फ्रॅक्चरची शक्यता बरीच कमी होते.

वाकणं १४० ते १५० पर्यंत, तळहात वर आणि खाली फिरवणं दोन्हीकडं साधारण ८०. फिरवणं बघताना कोपर बरगडीला चिकटवा, नाहीतर पेशंट खांद्यातून हात फिरवून दाखवतो. आपल्या माणसाला जेवायला हात तोंडापर्यंत जायला हवा, म्हणून वाकणं कमी झालेलं सरळ न होण्यापेक्षा जास्त जड जातं, व्यायाम ठरवताना हे आधी विचारात घ्या.

बाहेरच्या उंचवट्यावर दुखणं सगळ्यात कॉमन. टेनिस एल्बो म्हणतात, आपल्याकडं मात्र ते कात्री चालवणाऱ्या, कपडे पिळणाऱ्या, पाने-स्क्रू ड्रायव्हर फिरवणाऱ्या हातात सापडतं. कोपराला आधार देऊन मूठ आवळून मनगट वर उचलायला सांगा, तुम्ही वरून दाबा, उंचवट्यावर दुखलं की झालं. सगळा जोर मधल्या बोटावर देऊन पण बघा. दुखणं उंचवट्याच्या काही बोटं खाली असेल तर नस दबलेली असू शकते. आतल्या बाजूला दुखत असेल तर मागच्या खोबणीतली नस बोटानं ठोकून बघा, करंगळी आणि शेजारच्या अर्ध्या बोटाला मुंग्या गेल्या तर तिथंच अडकतेय. अंगठ्याच्या बाजूला मुंग्या असतील तर परत मानेकडं जा.

आता मालिशचं, हे मी जोर देऊन लिहितोय. पोरगं कोपरावर पडलं की गावाकडं आधी चोळायला नेतात, तेल लावून रगडतात, जोर लावून वाकवतात, बांबूच्या पट्ट्या करकचून बांधतात. लागलेल्या कोपराला चोळलं आणि जबरदस्तीनं वाकवलं तर पुढच्या स्नायूत हाड तयार व्हायला लागतं आणि कोपर कायमचं अडकतं. घट्ट पट्टीनं तर हात जाऊ शकतो. म्हणून असं पोरगं आलं की पहिलं काम पट्टी सोडायची, मग बोटांचा रंग, गारपणा, मनगटाची नाडी. अंगठा आणि पहिल्या बोटानं गोल करून दाखवायला लावा. बोटं हळूच सरळ केली की पोर किंचाळत असेल, सतत वाढत जाणारं दुखणं असेल, तर नाडी लागत असली तरी थांबू नका, त्याच मिनिटाला ऑर्थोला फोन. यात तासांचा हिशोब असतो. आणि आईबापाला ओरडू नका, त्यांनी चांगल्यासाठीच नेलं होतं, पुढच्या वेळी आधी इकडं आणा एवढं समजावून सांगा. आणि अशा कोपरावर फिजिओ म्हणून तुम्ही पण जोर लावायचा नाही, जेवढं पोर स्वतः हलवतं तेवढंच.

लिहून ठेवणं

तपासलेलं लगेच लिहायचं, पाच पेशंट झाल्यावर एकदम नाही. "गुडघा हालचाल कमी" असं लिहू नका, "उजवा १० ते १०५, डावा ० ते १३५" असं लिहा. ताकद ० ते ५ मध्ये, दुखणं ० ते १० मध्ये, आणि आकडा समजत नसलेल्या आजीला "रुपयात किती आणे दुखतंय" विचारलं तर ती पटकन सांगते, तेही तसंच लिहा, पुढच्या वेळी तिलाच परत विचारता येतं. पेशंटला जमत नसलेलं एक काम नाव घालून लिहा, म्हणजे "मागावर उभं राहून दोन तासांनी बसावं लागतं" किंवा "सूप घेऊन मांडी घालता येत नाही", कारण तीन आठवड्यांनी ती मावशी परत आली की तुमच्या अंशांपेक्षा आधी तेच विचारायचंय. टेस्ट केली नसेल तर "केली नाही, दुखत होतं" असं लिहा, निगेटिव्ह म्हणून टिक करू नका. आणि ज्याला वर पाठवताय त्याच्या चिठ्ठीवर नुसतं "गुडघेदुखी" न लिहिता कशाचा संशय आहे आणि काय सापडलं ते दोन ओळींत लिहा, मोहोळ-बार्शीवरून एसटीनं आलेल्या माणसाला परत पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागू नये.